'पेटंट' औषधे आणि 'स्पेशालिस्ट' डॉक्टर : व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील वैद्यकव्यवसाय आणि त्याची भाषा

३.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि अर्थापकर्ष या संकल्पनांचा परिचय करून घेतला. तेथील उदाहरणे बहुतेक सुटी होती. एकेक शब्द घ्यायचा, त्याचा जुना व नवा अर्थ सांगायचा आणि पुढे जायचे, अशी ती मांडणी होती. शब्दांचे अर्थ मात्र असे एकेकटे बदलत नाहीत. एखाद्या व्यवसायात, एखाद्या काळात, पैशाच्या आणि प्रतिष्ठेच्या ओढाताणीत शब्दांचे संपूर्ण कुटुंबच जागचे हलते. याचे एक ठळक उदाहरण म्हणून एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या वैद्यकव्यवसायाकडे या घटकात आपण पाहणार आहोत.

मराठीच्या विद्यार्थ्याने इंग्लंडमधील औषधांविषयी का वाचावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आपण स्वयंपाकघरातील फडताळ उघडून पाहावे. पोटात गॅस झाला की आपण जे 'इनो' घेतो, ते जेम्स क्रॉसली इनो या न्यूकॅसलच्या औषधविक्रेत्याचे 'फ्रूट सॉल्ट' होय. तान्ह्या बाळाला दिले जाणारे ग्राइप वॉटर विल्यम वुडवर्ड या नॉटिंगहॅमच्या औषधविक्रेत्याने १८५१ च्या सुमारास तयार केले. माझ्या लहानपणी घरी या दोन्ही बाटल्या देवघराशेजारच्या कोनाड्यात असत आणि त्या 'घरगुती' औषधांत मोडत. त्या विलायती आहेत असे कोणाच्या मनातही येत नसे. बाटल्यांबरोबर शब्दही आले. 'पेटंट', 'स्पेशालिस्ट', 'टॉनिक', 'गॅरंटी' हे शब्द मराठीने घेतले आणि त्यांना आपल्या पद्धतीने वळण दिले.

३.२ उघडे पत्र आणि झाकलेले औषध

'पेटंट' या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ 'उघडे असणे' असा आहे. इंग्लंडचा राजा एखाद्याला हक्क किंवा पदवी देताना जे पत्र देई, ते घडी घालून मोहोरबंद केलेले नसे. मोहोर खाली लोंबत असे आणि पत्र कोणालाही वाचता येई. म्हणून ते 'उघडे पत्र'. पुढे नव्या शोधावर काही वर्षांपुरता मिळणाऱ्या एकाधिकारालाही हेच नाव मिळाले. या एकाधिकाराची एक अट असे : शोध काय आहे हे सविस्तर लिहून द्यायचे. मुदत संपली की ती माहिती सर्वांची.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात 'पेटंट औषधे' म्हणून जी हजारो औषधे विकली जात, त्यांपैकी बहुतेकांनी असे पेटंट कधी घेतलेच नव्हते. घेणे परवडणारेही नव्हते. कारण पेटंट घ्यायचे तर औषधात काय आहे ते सांगावे लागले असते, आणि सगळा धंदा तर न सांगण्यावर उभा होता. 'उघडा' असा मूळ अर्थ असलेला शब्द 'ज्याची कृती गुप्त आहे असे औषध' या अर्थाने रूढ झाला. अर्थाची इतकी पूर्ण उलटापालट भाषेत क्वचित आढळते.

ही उलटापालट टिकून राहण्यास सरकारी कराने मदत केली. १७८३ पासून इंग्लंडमध्ये तयार, नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांवर मुद्रांक कर बसला. १ शिलिंगापर्यंतच्या डबीवर दीड पेनीचा कागदी मुद्रांक अशा रीतीने चिकटवला जाई, की डबी उघडताना तो फाटलाच पाहिजे. सरकारच्या दृष्टीने तो केवळ महसूल होता. ग्राहकाला मात्र राजमुद्रेचा कागद दिसे, आणि सरकारने तपासून दिलेले औषध अशी त्याची समजूत होई. विक्रेतेही ही समजूत दूर करण्याच्या फंदात पडत नसत. अखेर या मुद्रांकातून सरकारची कोणतीही हमी सूचित होत नाही, अशा आशयाचा मजकूर मुद्रांकावरच छापण्याची पाळी सरकारवर आली. छापलेला मजकूर एक सांगतो आणि चिन्ह दुसरेच सांगते, अशा वेळी वाचणारा बहुधा चिन्हावर विश्वास ठेवतो. चिन्हविज्ञानाच्या घटकात आपण याचा पुन्हा विचार करू.

मराठीत 'पेटंट' शब्दाने तिसरीच वाट धरली. 'हे त्याचे पेटंट वाक्य आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा ना हक्क अभिप्रेत असतो, ना गुपित. 'ठरलेले, नेहमीचे, त्याच्याच नावावर चढलेले' एवढाच अर्थ असतो.

३.३ डबीची किंमत आणि डबीतील वस्तू

मुद्रांक धरून छोट्या डबीची किंमत १ शिलिंग दीड पेनी होई. शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील शेतमजुराला आठवड्याला सुमारे १० शिलिंग मिळत. म्हणजे एक डबी म्हणजे आठवड्याच्या मजुरीचा नववा हिस्सा. तरीही ती खपे. कारण दुसरा पर्याय त्याहून महाग होता. नामवंत वैद्याची फी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, दोन आठवड्यांच्या मजुरीहून अधिक.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की थॉमस बीचम यांच्या घोषवाक्याचे मर्म कळते. बीचम (१८२०–१९०७) हे लहानपणी मेंढ्या राखणारे, पुढे बाजारात गोळ्या विकणारे आणि अखेर सेंट हेलेन्स येथे मोठा कारखाना उभारणारे गृहस्थ. त्यांच्या गोळ्यांची डबी एका गिनीच्या मोलाची आहे, असे त्यांची जाहिरात १८५९ पासून सांगत असे. गिनी हे नाणे तोवर चलनातून गेले होते. शब्द उरला होता तो मुख्यतः प्रतिष्ठित व्यवसायांच्या फीसाठी. त्यामुळे 'गिनी' म्हणताच वाचकाला सोन्याच्या आधी डॉक्टर आठवत असणार. डॉक्टरकडे न जाताही डॉक्टरचे काम १ शिलिंगात होईल, हे वाक्य असे न सांगता सांगते. असे विधान खोटे ठरवता येत नाही, कारण ते विधान म्हणून केलेलेच नसते.

या डबीत काय होते? ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अनेक नामांकित औषधांचे रासायनिक पृथक्करण करून १९०९ मध्ये 'सीक्रेट रेमेडीज' या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे काळा बोळ, सुंठ आणि साबण हे घटक आढळले. म्हणजे साधे रेचक. ५६ गोळ्यांतील द्रव्यांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग निघाली. एका पेनीचे चार फार्दिंग. हिशेब करून पाहिल्यास विक्रीची किंमत द्रव्यांच्या किमतीच्या शंभरपटीहून अधिक होते. हे पुस्तक सामान्य वाचकांत चांगले खपले, मात्र त्याची जाहिरात छापण्यास काही वृत्तपत्रांनी नकार दिला. औषधवाल्यांच्या जाहिरातींवर ज्यांचे पोट होते, त्यांच्याकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवता आली नसती.

पोट हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. इंग्लंडमध्ये जाहिरातींवरील कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर १८५५ मध्ये आणि कागदावरील कर १८६१ मध्ये रद्द झाला. स्वस्त वृत्तपत्रे निघाली, वाचणारे वाढले आणि त्या पानांवर सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणून औषधवाले बसले. थॉमस हॉलोवे (१८००–१८८३) यांची कथा या बाबतीत बोलकी आहे. १८३७ मध्ये त्यांनी मलम आणि १८३९ मध्ये गोळ्या विकायला काढल्या. जाहिरातींची बिले थकल्याने त्यांना कर्जदारांच्या तुरुंगातही जावे लागले. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी जाहिराती कमी केल्या नाहीत, वाढवल्या. १८४२ मध्ये वर्षाला ५,००० पौंड आणि आयुष्याच्या अखेरीस वर्षाला सुमारे ५०,००० पौंड त्यावर ते खर्च करीत. त्यांच्या गोळ्यांच्या सूचना चिनीसह अनेक भाषांत छापल्या जात. हिंदुस्थानातील इंग्रजी वृत्तपत्रांतही त्या जाहिराती येत. या पैशातून त्यांनी मनोरुग्णांसाठी एक रुग्णालय आणि स्त्रियांसाठी एक महाविद्यालय उभारले. १८८६ मध्ये खुद्द राणीने उद्घाटन केलेले ते महाविद्यालय आज लंडन विद्यापीठाचा भाग आहे. काळ्या बोळाच्या गोळ्यांतून स्त्रीशिक्षण उभे राहिले, याचे काय करायचे हे मला अजून नीटसे ठरवता आलेले नाही.

'सीक्रेट रेमेडीज'नंतर संसदेने १९१२ मध्ये चौकशी समिती नेमली. समितीने विक्रेत्यांना आणि तज्ज्ञांना बोलावून दीर्घ साक्षी घेतल्या, नियंत्रणाच्या स्पष्ट शिफारशी केल्या, आणि तिचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. अहवाल बासनात गेला. औषधातील घटक वेष्टनावर छापण्याचे बंधन इंग्लंडमध्ये १९४१ च्या कायद्याने आले. त्याच कायद्याने जुना मुद्रांक करही संपवला. भारतात विशिष्ट रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारा 'औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम' १९५४ चा आहे. या अधिनियमाच्या नावात 'जादू' हा शब्द आहे, हे ध्यानात ठेवावे. कायद्याच्या भाषेत तो सहसा येत नाही.

३.४ शांत झोपणारी मुले

रेचकाने फार तर पोट बिघडे. सर्वच औषधे इतकी निरुपद्रवी नव्हती.

लँकशायर आणि नॉटिंगहॅम भागांत स्त्रिया गिरण्यांत किंवा घरी लेस विणण्याच्या कामावर बारा-बारा तास राबत. तान्हे मूल शेजारच्या म्हातारीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे ठेवले जाई. अशा मुलांसाठी 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे गोड औषध मिळे. त्यात काकवी, सॅसाफ्रास आणि अफू असे. अमेरिकेतून आलेल्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' मध्ये अफूचेच सत्त्व, म्हणजे मॉर्फिन, होते. मूल रडायचे थांबे, झोपे. झोपलेले मूल दूध मागत नाही. ते हळूहळू सुकत जाते. मृत्यूची नोंद करताना अशक्तपणा किंवा आकडी असे कारण लिहिले जाई, अफू असे नव्हे. म्हणून किती मुले गेली याचा आकडा कोणत्याही नोंदवहीत मिळणार नाही.

औषधांची नावे पाहावीत. 'कॉर्डियल' म्हणजे मूळ अर्थाने हृदयाला बळ देणारे, 'सूदिंग' म्हणजे शांतवणारे. आणि 'मिसेस विन्स्लो' हे तर दाईचे, अनुभवी आजीबाईचे नाव. बाटलीवर कोठेही विषाचा उल्लेख नाही. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफू नोंदणीकृत औषधविक्रेत्यानेच आणि विषाची चिठ्ठी लावूनच विकावी असे ठरवले, परंतु 'पेटंट औषधां'ना त्यातून सूट दिली. म्हणजे सुटी अफू विष, आणि काकवीत मिसळून नाव दिलेली अफू औषध. पुढे १८९० च्या दशकात 'क्लोरोडाइन' या औषधावरून न्यायालयात प्रश्न उभा राहिला, तेव्हा ही सूट खरोखर पेटंट घेतलेल्या औषधांपुरतीच आहे, असा अर्थ लावण्यात आला. एका शब्दाचा मूळ अर्थ परत मिळायला पंचवीस वर्षे लागली.

हे क्लोरोडाइन हिंदुस्थानाशी दोन्ही अंगांनी जोडलेले आहे. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने ते १८४८ च्या सुमारास येथे नोकरीत असताना पटकीसाठी तयार केले. त्यात अफू, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क असे. आणि गांजाचे औषधी गुण इंग्लंडमधील डॉक्टरांपुढे मांडले ते कलकत्त्यात प्रयोग करणाऱ्या विल्यम ओशॉनेसी यांनी. येथून गेलेली वनस्पती बाटलीत बसून, विलायती नाव घेऊन, परत येथेच विकायला आली.

मुलांना अफू देण्याची गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी १९२० च्या दशकारंभी झाली, तेव्हा चाळींतील मुलांना अफूची गोळी देऊन झोपवण्याची चाल सर्रास असल्याचे दिसून आले. त्या गोळीला आपल्याकडे 'बाळगोळी' म्हणत. आईला दोष देणे सोपे आहे. पण भोंगा झाल्यावर मूल कोणाच्या ओटीत घालायचे, या प्रश्नाला मँचेस्टर आणि परळ या दोन्ही ठिकाणी दुसरे उत्तर उपलब्ध नव्हते. 'बाळ' या शब्दाने सुरू होणारे बाळकडू, बाळगुटी आणि बाळगोळी हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. पहिला वाक्प्रचारात जाऊन संस्काराचा वाचक झाला, दुसरा अजून घरोघरी आहे, तिसरा मात्र गिरण्यांबरोबर भाषेतून जवळजवळ पुसला गेला. माझ्या वर्गातील एका प्रौढ विद्यार्थिनीला तो ठाऊक होता; तिची आजी गिरणीत होती. बाकी कोणालाही नव्हता.

३.५ 'स्पेशालिस्ट' ही एके काळची शिवी

आज आपल्या गावातील एखाद्या दवाखान्याची पाटी वाचा. नावापुढे 'स्पेशालिस्ट' असेल तर फी अधिक आणि विश्वासही अधिक. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित डॉक्टरला कोणी असे म्हटले असते, तर त्याला ते लागले असते.

याचे कारण परंपरेत आहे. तेथील वैद्यकव्यवसायाच्या तीन पायऱ्या होत्या : विद्यापीठाची पदवी घेतलेला, नाडी पाहून औषध लिहून देणारा वैद्य, हाताने शस्त्रकर्म करणारा सर्जन, आणि औषधे कुटून देणारा अपॉथेकरी. वैद्याला शरीर सगळे एक आहे असे शिकवलेले असे. केवळ डोळा, केवळ दात, केवळ मोडलेले हाड किंवा केवळ अंतर्गळ पाहणारे लोक होते, पण ते जत्रेतले : मोतीबिंदू काढणारे, दात उपटणारे, हाडे बसवणारे. आपल्याकडील तुंबडी लावणारे आणि वैदू यांच्यासारखेच. एकाच अवयवाचे ज्ञान सांगणे हे भोंदूचे लक्षण मानले जाई. भोंदू वैद्याला इंग्रजीत 'क्वॅक' म्हणतात. हा शब्द डच भाषेतून आला आणि त्याचा मूळ आशय 'मलमाची बढाई मारणारा' असा आहे. म्हणजे दोष औषधात नसून ओरडण्यात धरला आहे.

१८५८ च्या वैद्यक कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही आणि तिच्यासाठी परिषद स्थापन केली. हा कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्याने अशिक्षित माणसाला रोग्यावर उपचार करण्यास बंदी केली नाही. फक्त आपण नोंदणीकृत आहोत असे खोटे भासवण्यास बंदी केली. बंदी कृतीवर नव्हती, शब्दावर होती.

याच काळात लंडनमध्ये एकेका रोगासाठी वा अवयवासाठी स्वतंत्र रुग्णालये निघत होती. मूरफील्ड्सचे डोळ्यांचे रुग्णालय १८०५ चे. भगंदर आणि गुदरोगांसाठी सेंट मार्क्स १८३५ मध्ये सुरू झाले. क्षयासाठी ब्रॉम्प्टन १८४१, कर्करोगासाठी मार्सडेन यांचे १८५१, मुलांसाठी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट १८५२. मुतखड्यासाठी सेंट पीटर्स १८६० मध्ये निघाले, तेव्हा नामवंत डॉक्टरांनी जाहीर निषेध केला. मुतखड्यासाठी वेगळे रुग्णालय कशाला, मोठ्या रुग्णालयांत त्याची शस्त्रक्रिया होत नाही काय, असा त्यांचा सवाल होता. या सवालामागे तत्त्व होते, तसाच स्वार्थही होता. मोठ्या रुग्णालयांतील जागा ठरावीक घराण्यांच्या आणि शिष्यांच्या ताब्यात असत. ज्यांना तेथे प्रवेश नव्हता, असे होतकरू तरुण डॉक्टर लहान जागा भाड्याने घेऊन, देणगीदार मिळवून स्वतःचे रुग्णालय काढीत. रोगी तिकडे जात, देणग्याही जात. मात्र निषेध करणारे सगळे चुकत होते असेही नाही. एकच रोग रोज शेकडो वेळा पाहणाऱ्याचा हात बसतो हे खरे. आणि त्याला सगळीकडे तोच रोग दिसू लागतो, हेही तितकेच खरे.

मोरेल मॅकेंझी (१८३७–१८९२) यांच्या आयुष्यात या वादाच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या. घशात आरसा घालून स्वरयंत्र पाहण्याची युक्ती मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये काढली होती, स्वतःचा आवाज कसा निघतो हे पाहण्यासाठी. (ध्वनिविज्ञान शिकणाऱ्याने या गायकाचे नाव विसरू नये.) मॅकेंझी ते तंत्र युरोपात शिकून आले आणि १८६३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये घशाच्या विकारांचे रुग्णालय काढले. १८८७ मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला आणि त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी केली. बोलावणे गेले मॅकेंझींना. त्यांनी घशातील तुकडा काढून विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांच्याकडे पाठवला. त्यात कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया थांबली. मॅकेंझींना 'सर' ही पदवी मिळाली. पण रोग वाढत गेला आणि तो कर्करोगच ठरला. मार्च १८८८ मध्ये सम्राट झालेले फ्रेडरिक ९९ दिवस राज्य करून १५ जून रोजी वारले. शेवटी त्यांना बोलताही येत नव्हते. दोन देशांच्या डॉक्टरांत वर्तमानपत्री भांडण जुंपले. मॅकेंझींनी रोग्याच्या आजाराची संपूर्ण हकीकत पुस्तकरूपाने छापली आणि त्याबद्दल इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांना दोष दिला. फ्रेडरिक उदारमतवादी होते. ते जगते तर युरोपचा इतिहास बदलला असता काय, याची चर्चा इतिहासकार आजही करतात.

मॅकेंझी खरे तज्ज्ञ होते. त्याच काळात वर्तमानपत्रांत 'मज्जादौर्बल्याचे स्पेशालिस्ट' म्हणून जाहिराती देणारेही होते. ते रोग्याला भेटत नसत. लक्षणे पत्राने कळवा, औषध टपालाने गुप्तपणे पाठवू, असे सांगत. शरमेने डॉक्टरकडे न जाणारा तरुण हे त्यांचे गिऱ्हाईक. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग' हा शब्द आपण वाचलाच असेल. 'गुप्त' हे विशेषण तेथे रोगाला लावलेले आहे, पण ते आश्वासन मात्र रोग्याला देते.

मराठीत दोन शब्द झाले. 'तज्ज्ञ' हा संस्कृत शब्द : तत् जाणणारा, 'ते' जाणणारा. कोणते ते? शब्द ते सांगत नाही. आणि 'स्पेशालिस्ट' हा इंग्रजी शब्द जेव्हा आपल्याकडे रुळला, तेव्हा त्याचा जुना कलंक मागेच राहिला होता.

३.६ बढाई आणि वचन

आता भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण.

१८८९ पासून इन्फ्लुएन्झाच्या साथीने युरोप हैराण झाला होता. लंडनच्या एका कंपनीने 'कार्बोलिक स्मोक बॉल' विकायला काढला : रबराचा चेंडू, आत कार्बोलिक ॲसिडची भुकटी, वर नळी. नळी नाकाशी धरून चेंडू दाबायचा. किंमत १० शिलिंग. योगायोग असा, की याचे पेटंट मात्र खरोखर घेतलेले होते. नोव्हेंबर १८९१ मधील जाहिरातीत कंपनीने म्हटले, की दोन आठवडे दिवसातून तीन वेळा, छापील सूचनांप्रमाणे हा चेंडू वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला १०० पौंड देऊ. आणि आमचा प्रामाणिकपणा दिसावा म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत.

लुइझा कार्लिल या बाईंनी चेंडू घेतला, २० नोव्हेंबरपासून नेमाने वापरला आणि १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. त्यांचे पती कायद्याचे जाणकार होते. त्यांनी कंपनीला पत्रे लिहिली. कंपनीचे म्हणणे असे, की लबाडी टाळण्यासाठी आमच्या कचेरीत रोज येऊन आमच्यासमोर चेंडू वापरावा लागेल. प्रकरण न्यायालयात गेले.

कंपनीचा मुख्य बचाव भाषिक होता. जाहिरातीतील हे शब्द म्हणजे निव्वळ बढाई. शहाणा माणूस ते वचन म्हणून घेत नाही. साऱ्या जगाशी कोणी करार करते काय? अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी डिसेंबर १८९२ मध्ये हे फेटाळले. बँकेत पैसे ठेवल्याचा उल्लेख कशासाठी केला, हा त्यांचा प्रश्न होता. तो उल्लेख शब्दांना गांभीर्य देतो. म्हणून ते वचन ठरते. ते साऱ्या जगापुढे ठेवलेले असले, तरी जो अटी पूर्ण करतो त्याच्याशी करार होतो. बाईंना १०० पौंड मिळाले. भारतातील विधी महाविद्यालयांत करार कायद्याच्या पहिल्याच धड्यांत आजही हा निवाडा शिकवतात.

भाषाविज्ञानात 'भाषिक कृती' ही संकल्पना जे. एल. ऑस्टिन यांनी मांडली. त्यांची व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली. बोलणे म्हणजे केवळ काही सांगणे नसून काही करणे असते : वचन देणे, बजावणे, नेमणे. ऑस्टिन यांच्या सत्तर वर्षे आधी तीन न्यायमूर्ती याच प्रश्नाचा निकाल देत होते. शब्द तेच, ते बढाईत मोडतात की वचनात, हे भोवतालच्या खुणांवरून ठरते.

आपल्याकडील औषधांच्या विशेषणांना ही कसोटी लावून पाहता येईल. 'रामबाण' औषध : न चुकणाऱ्या बाणाचे रूपक. 'अक्सीर' इलाज : अरबी 'इक्सीर', आणि इंग्रजी 'इलिक्झर' हा त्याचाच भाऊ, दोघेही किमयागारांच्या भट्टीतून निघाले. 'जालीम' उपाय : मूळ अर्थ जुलमी, क्रूर, औषधाच्या संगतीत तो प्रशंसेचा झाला. हे तिन्ही शब्द बढाईचे आहेत, कोणी त्यांवर दावा लावणार नाही. 'गुण न आल्यास पैसे परत' हे मात्र वचन आहे, आणि जाहिरातीत ही दोन्ही बहुधा एकाच ओळीत शेजारी बसलेली असतात.

कार्लिल खटल्यानंतर कंपनी गप्प बसली नाही. १८९३ च्या फेब्रुवारीत तिने नवी जाहिरात दिली. बक्षीस आता २०० पौंड. जुन्या जाहिरातीवरून हजारो चेंडू विकले गेले आणि बक्षीस मागणारे तिघेच निघाले, म्हणजे औषध किती गुणकारी, असा तिचा युक्तिवाद होता. खाली मजकूर असा, की हा देकार १ जानेवारी १८९३ नंतर चेंडू घेणाऱ्यांनाच लागू. त्याच्या अटी अर्ज करून मागवाव्यात. त्यांची प्रत सही करून उपचार सुरू करण्यापूर्वी कंपनीच्या लंडन कचेरीत जमा करावी. आणि देकाराची मुदत ३१ मार्च १८९३ पर्यंतच.

स्वयंअध्ययनासाठी : घरात असलेल्या कोणत्याही एका औषधाचे किंवा 'टॉनिक'चे वेष्टन घ्या. त्यावरील मजकुरातील क्रियापदे उतरवून काढा. 'बरे करते', 'आराम देते', 'मदत करते', 'उपयुक्त ठरू शकते' यांपैकी कोणती योजली आहेत, ती वचनाकडे झुकतात की बढाईकडे, आणि सर्वांत लहान अक्षरांत काय छापले आहे, हे दहा-बारा ओळींत लिहा. वेष्टन उत्तरपत्रिकेला जोडावे.